तीन टोप्यांचा भाडेकरू

त्या रविवारी आम्ही दोघांनी, मी आणि वरच्या भाडेकरूनं, गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली. तो अंगानं काटकुळा, म्हणून तो आत उतरला आणि मी तोंडाशी बादली घेऊन बसलो. आतून नारळाच्या शेंडीनं घासल्याचा खरखर आवाज आणि मधेच त्याचं गाणं. परभणीकडचं काहीतरी असायचं. टाकीत घुमलं की सात माणसं म्हणतायत असं वाटायचं. अर्धी टाकी झाली न झाली तोच त्याचा फोन वाजला. ओलाचिंब बाहेर आला, जिन्यात पळाला आणि पळता पळता मला सांगून गेला, मामा, आत हात लावू नका, जसं आहे तसं राहू द्या. मी हात लावला नाही. सहा वर्षांत तेवढं शिकलो होतो. अर्ध्या तासानं आला, परत उतरला आणि शेवाळाची रेघ जिथं तुटली होती बरोबर तिथून घासायला लागला. मग मोटार चालू करून आम्ही सावलीत बसलो आणि मीठ लावून पेरू खाल्ले. एक पेरू किडका निघाला, तो त्यानं स्वतः खाल्ला, किडा तेवढा अलगद बाजूला ठेवून.

बस, एवढंच. त्या दिवशी काही विशेष केलं असं दोघांनाही वाटलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, म्हणून आठवेल तसं लिहितो. पुढचं मागं, मागचं पुढं होईल. ज्याला खटकेल त्यानं खुशाल वाचायचं सोडावं.

आमचं घर चऱ्होलीत. आजूबाजूची रानं गेली, इमारती आल्या. आमचं घर, पुढची पडवी आणि मागचं परसू तेवढं मधे राहिलंय. वरची खोली भाड्यानं द्यायची होती. बघायला माणसं यायची ती पाणी किती वेळ येतं, गाडी कुठं लावायची, असं विचारायची. हा आला तो मापाची टेप घेऊन. आल्या आल्या भिंत मोजली, तीन टेबलं मावतात का बघितलं, आणि हसला.

माझी बायको तेव्हा होती. तिला मी जन्मभर नावानं हाक मारली नाही, इथंही लिहीत नाही, ही म्हणतो. तर हिनं त्याला विचारलं, माणसं किती. म्हणाला, मी एकटाच. मग टेबलं तीन कशाला? तर म्हणाला, "कामं तीन हायेत ना, मामी."

हिला भाचा नव्हता. मामी म्हणणारं माणूस पहिल्यांदाच दारात आलेलं. खोली तिथंच दिली गेली, मला कुणी विचारलं नाही.

वय असेल पंचेचाळीस. लग्न केलं नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांची दारं उचलून पुढं सरकवणारे यांत्रिक हात आहेत, ते हात कसे हलवायचे याचा प्रोग्राम लिहायचं त्याचं काम. कारखान्यात महिन्यातून एखाद्या वेळी जायचा, बाकी सगळं आमच्या वरच्या खोलीतून. खाटेखाली एक काळी पेटी ठेवलेली, वायरींनी तिन्ही टेबलांवरच्या कॉम्प्युटरना जोडलेली. आजपर्यंत लिहिलेलं सगळं, पहिल्या दिवसापासूनचं, त्या पेटीत. पहिल्या टेबलावर कारखान्यात आज जे चालू आहे ते. दुसऱ्या टेबलावर नवीन काहीतरी, अर्धवट, महिना-दोन महिने चाललेलं. तिसऱ्यावर तातडीची दुरुस्ती, फोन आला की करायची. प्रोग्राम एकच, त्याच्या तीन फांद्या, प्रत्येक फांदी आपल्या टेबलावर उघडी. फांदी हा त्यांच्या कामातलाच शब्द.

मी म्हणलं, एक टेबल बास की. एक काम आवरायचं, दुसरं उघडायचं.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिलीय. म्हणाला, पूर्वी तसंच करायचा. नवीन काम ऐन रंगात आलेलं, तेवढ्यात कारखान्यातून फोन यायचा. मग ते अर्धवट काम गुंडाळायचं, बाजूला कोंबायचं, दुरुस्ती करायची आणि परत ते गुंडाळलेलं उलगडायचं. उलगडलं की कळायचंच नाही आपण कुठं होतो, काय मनात होतं. कधी कधी तर कोंबलेलं विसरूनच जायचा, आणि सहा महिन्यांनी सापडायचं. "गुंडाळायचं न्हाई मामा. बाजूला दुसरं मांडायचं," हे त्याचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं.

मला ते कळायला दोन वर्षं लागली. हिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. म्हणाली, "त्यात काय हाय येवढं? चुलीवर भात, शेगडीवर आमटी, परातीत कणीक. मी काय भात उतरवून मग कणीक मळते व्हय?" त्यानं हिला वाकून नमस्कार केला. म्हणाला, कंपनीतल्या शिकलेल्या पोरांना हे तीन दिवस शिकवायला लागतं.

मला कळलं ते माझ्या पद्धतीनं. एक दिवस परसात बसून मी त्याला म्हणलं, म्हणजे विहीर एकच, वाफे तीन. एकात कांदा, एकात मेथी, एकात रोप टाकलेलं. कांद्याच्या वाफ्यात चिखल झाला म्हणून मेथीचं काय बिघडत नाही. यावर तो इतका खूष झाला की संध्याकाळी जिलेबी घेऊन आला. आणि वर मला एक कायदा सांगितला. एक फांदी एका वेळी एकाच टेबलावर उघडते. दुसऱ्या टेबलावर तीच उघडायला गेलं तर मशीनच नाही म्हणतं, ती तिकडं उघडी आहे म्हणून सांगतं. हा कायदा मला फार आवडला. आमच्या भावकीत तो असता तर निम्मे दावे कोर्टात गेलेच नसते.

आता टोप्यांचं सांगतो.

तिन्ही टेबलांवरचे पडदे दिसायला सारखे. तीच अक्षरं, तेच काळं रान. आमच्याकडं यायच्या आधी एकदा तो चुकीच्या टेबलावर बसला आणि अर्धा दिवस भलत्याच जागी काम करत राहिला. काम बरोबर, जागा चूक. ते त्याला फार लागलं होतं. मग बोटाला दोरे बांधून बघितले, टेबलाखाली वेगवेगळ्या सतरंज्या टाकून बघितल्या. उपाय हिनं काढला. माझी एक पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, पहिल्या टेबलाला ही. दुसऱ्याला त्याची स्वतःची माकडटोपी. तिसऱ्याला कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. प्रत्येक टेबलाच्या वर भिंतीत खिळा, खिळ्याला टोपी. बसायच्या आधी घालायची, उठताना काढायची. त्याच्या डोक्यावर काय आहे बघितलं की आम्हाला खालून कळायचं आज कारखान्यात काय चाललंय. हेल्मेट दिसलं की ही चहा वर पाठवायची नाही, म्हणायची, आग विझू दे आधी.

आळीतली माणसं हसायची. एप्रिलच्या उन्हात माकडटोपी घालून खिडकीत बसलेला माणूस, हसणार नाहीत तर काय. एकदा हेल्मेट घालूनच भाजी आणायला गेला. मेथीची जुडी हातात घेतली आणि एकदम दचकला. मेथीवालीला म्हणाला, बाई, ही ठेवा, मी अजून तिसऱ्या टेबलावर आहे. घरी आला, हेल्मेट खिळ्याला लावलं, बोडक्यानं परत गेला आणि तीच जुडी घेऊन आला. मेथीवाली अजून मला विचारते, तुमचा तो शिपाई कुठं आहे.

दाढीचं तर विचारू नका. डावा गाल झाला, फोन आला. तसाच चाकणला गेला. दिवसभर लोकांनी बघितलं, त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी आला, आरसा काढला आणि उजवा गाल सुरू केला. ही म्हणाली, अरे बाबा, निदान पुसून तरी जायचं. तो म्हणाला, "पुसलं असतं तर कुठपर्यंत आलतो ते कसं कळलं असतं?"

दुसरं एक वाक्य होतं त्याचं. कुठलंही काम करताना स्वतःशीच पुटपुटायचा, आधी कुठं उभा आहे ते बघ, मग हात चालव. कुलूप उघडताना, पोहे परतताना, माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घालताना सुद्धा. थेंब घालताना ऐकलं की मला जरा धास्तीच वाटायची.

आता जे लिहायचं आहे ते थोडक्यात लिहितो.

हिनं मधली खोली रंगवायला काढली होती. रंगारी नको, मीच करते, त्याला कोपरे जमत नाहीत. पिस्ता रंग आणला. दारापासून सुरुवात केली, खिडकीपर्यंत आली. जरा टेकते म्हणाली आणि बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. भिंत अर्धी पिस्ता, अर्धी जुनी पिवळी, आणि मधे तिच्या ब्रशचा शेवटचा ओघळ.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "अण्णा, आता हे सगळं आवरून टाकू. तुम्ही चिंचवडला चला आमच्याकडे." मुलगा वाईट नाही, हे लिहून ठेवतो. चिंचवडला ऑफिसात आहे, सून चांगली आहे. जागेवर इमारत बांधायला बिल्डर तयार होता. सगळं त्यांच्या बाजूनं बरोबरच. भिंतीला रंगारी लावून ती पुरी करून घेऊ असंही म्हणाला. मी त्या दिवशी त्याच्यावर हात उगारला. पन्नाशीच्या पोरावर. तेव्हापासून मी त्याच्या घरी गेलो नाही. रागानं नव्हे. एकदा गेलो की तो ठेवून घेईल, आणि ठेवून घेतलं की इथलं आवरलं जाईल, ही भीती.

पण इथंही मी राहत नव्हतोच. स्वयंपाकघर मधल्या खोलीच्या पलीकडं. तिकडं जायचं तर त्या भिंतीवरून जायला लागायचं. म्हणून जेवण बंद. कोपऱ्यावर चहा-बिस्कीट, आणि पडवीत पडून राहायचं. धोतर ढिलं व्हायला लागलं.

त्यानं मला कधी समजावलं नाही. देव, नशीब, काळ, यातलं एक अक्षर नाही. एका सकाळी वरून दणदण आवाज आला, बघतो तर हा एक चौथं टेबल जिन्यावरून उतरवतोय. पडवीत ठेवलं. त्यावर शेगडी, दोन पातेली, मिठाचा डबा, तिखटाचा डबा. मग म्हणाला,

"मामा, आतलं तसंच राहू द्या. कुणी हात लावायचा न्हाई. तुमच्यासाठी हे बाजूला मांडलंय. आजचं जेवण इथं करा."

मी म्हणलं, मला करता येत न्हाई. म्हणाला, मलाही येत नाही, दोघं मिळून बिघडवू. त्या दिवशी पिठलं केलं. गुठळ्या इतक्या की भजी म्हणून खाल्ली असती तरी चाललं असतं. आम्ही खाल्लं, आणि का कोण जाणे, मला हसू फुटलं. तो पण हसला. दोन महिन्यांनी हसलो असेन.

मग मधल्या खोलीच्या कडीला त्यानं लाल दोरा बांधला. मशीनमध्ये असंच असतं म्हणाला. एखादं टेबल बरेच दिवस तसंच पडलं की झाडलोट करताना ते चुकून काढून टाकलं जाऊ नये म्हणून त्याला कुलूप घालून ठेवतात. कुणी आवरायला आलं तर आधी ते कुलूप दिसतं. भावजयीनं, पुतण्यानं, सगळ्यांनी विचारलं तो दोरा कसला. मी म्हणलं, कंपनीचा नियम हाय. कुणी सोडला नाही.

तर असं मी जगायला लागलो. सकाळी पडवीत स्वयंपाक, दुपारी परसात पाणी, संध्याकाळी त्याच्याशी बडबड. मधली खोली तिच्या जागी, मी माझ्या जागी.

आणि मग मीच घाण केली.

आळंदीला पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. माझी टोपी भिजत घातलेली. त्याची पांढरी न्यायला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं, फक्त एवढंच सांगितलेलं, टोपी न्या, खिळा बदलू नका. तो आंघोळीला गेलेला. मी पांढरी काढताना माझं कोपर हेल्मेटला लागलं, आणि त्याचा खिळाच भिंतीतून निघून आला. लग्नाची घाई. मी हेल्मेट उचललं आणि मधल्या खिळ्याला, माकडटोपीच्या वर लावून दिलं. म्हणलं, आल्यावर खिळा ठोकू. संध्याकाळी आलो, पांढरी टोपी बरोबर तिच्या जागी लावली आणि खिळ्याचं साफ विसरलो. बासुंदी जास्त झालेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कारखान्यातून फोन. हा झोपेतून उठला, हेल्मेट घातलं आणि हेल्मेटखालच्या टेबलावर बसला. दुसऱ्या. दोन ओळींची दुरुस्ती होती, ती केली आणि कारखान्याला धाडली. दोन ओळींबरोबर ते दोन महिन्यांचं अर्धवट सगळं पण धाडलं गेलं. तिकडं यांत्रिक हातांनी गाड्यांची दारं उचलली आणि तशीच वर धरून थांबले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. गाड्यांची सगळी ओळ दीड तास उभी. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.

मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा तो भिंतीकडं बघत होता. जिथं खिळा असायचा तिथं भोक.

"मामा, खिळा निघाला होता का?"

"व्हय."

"सांगायचं ना."

बस. कारखान्याला त्यानं सांगितलं, मी चुकीच्या जागी बसलो होतो, चूक माझी. तिथल्या मोठ्या मॅडमनी हुकूम काढला, येत्या सोमवारपासून रोज चाकणला यायचं, सगळ्यांसारखं एका टेबलावर बसायचं, टोप्यांचा तमाशा बंद. त्यानं निमूट चाकणला खोली बघायला सुरुवात केली. दोन दिवस बोडक्यानं बसून होता. जेवताना ताटात हात फिरवायचा नुसता.

मला झोप लागेना. हा गेला की मुलगा दुसऱ्या दिवशी दारात. अण्णा, आता तर तुम्ही एकटे. आणि त्याला नाही म्हणायला माझ्याजवळ काय उरणार होतं?

शुक्रवारी त्याला न सांगता मी निघालो. आळंदीला आलो, तिथून चाकणची बस. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाकडं. मी म्हणलं, ज्या मॅडमनी आमच्या भाडेकरूला झापलंय त्यांच्याकडं. तो हसला आणि फोन लावला. मग माझ्या डोक्यावर एक पिवळं हेल्मेट घातलं, अंगात चमचम करणारं जाकीट, आणि सांगितलं, खाली जमिनीवर पिवळ्या रेघा आहेत, त्यांच्या मधूनच चालायचं.

मॅडम म्हणजे पस्तिशीची बाई, चष्मा, आवाज शांत. माझ्या सुनेपेक्षा लहान. उठून खुर्ची दिली.

"बसा आजोबा. काय काम काढलंत?"

"चूक माझी हाय. टोपी मी हलवली."

बाईंनी माझ्या डोक्याकडं बघितलं. "इथे काढलीत तरी चालेल."

"ही न्हाई. आमच्या वरच्या खोलीतली."

मग मी सगळं सांगितलं. विहीर एक, वाफे तीन. खिळा, कोपर, लग्न, बासुंदी. बासुंदी सांगायची गरज नव्हती पण सुरुवात केल्यावर मला थांबता येत नाही. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आजोबा, काम तीन ठिकाणी मांडून करतो त्याला माझी ना नाही, आमची बरीच मुलं तसं करतात. पण एवढा मोठा कारखाना टोप्यांवर कसा सोडायचा?"

"मग तुमच्या दारात मला ही का घातली?"

"सेफ्टी. डोक्याला लागू नये म्हणून."

"पत्रा तर लय उंच हाय. माझ्या डोक्यावर पडंल असं मला वर काय दिसलं न्हाई. पर ही घातली आन् मला कळलं, आता आपुन घरात न्हाई, कारखान्यात हाय. मग मी रेघा बघून पाय टाकला. त्याचं बी तेच हाय, मॅडम. माझ्या डोक्यावर कुणी भलतीच टोपी घातली असती तर मी बी भलतीकडंच गेलो असतो."

बाई ओठ दाबून हसू आवरत होत्या ते मला दिसलं. मग पेन फिरवत म्हणाल्या, "पण तुम्ही एवढ्या लांब का आलात? भाडेकरू काय, दुसरा मिळेल."

मी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"त्यो गेला की माझं पोरगं मला घेऊन जाईल," मी म्हणलं. "आन् घर आवरलं जाईल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दोघांसाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत हिची चौकशी केली, रंगाची केली. कोपरे खरंच रंगाऱ्यांना जमत नाहीत म्हणाल्या. मी उठलो तेव्हा एवढंच बोलल्या, बघते.

संध्याकाळी त्याला पत्र आलं. घरून काम करायला परवानगी, टेबलं कितीही मांडा. अट एक. तिन्ही पडद्यांना वेगवेगळे रंग द्यायचे, वर मोठ्या अक्षरात फांदीचं नाव, आणि कारखान्याला काही धाडायच्या आधी मशीननं नाव विचारायचं, यानं ते टाइप करायचं. टोप्यांबद्दल पत्रात काही नव्हतं, म्हणून टोप्या राहिल्या. पत्र वाचून तो खाली आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. म्हणाला, "मामा, तुम्ही चाकणला जाऊन काय केलं?" मी म्हणलं, चहा पिला. त्यानं तो खिळा स्वतः ठोकला नाही. हातोडी माझ्या हातात दिली.

पुढं वर्षभर मजेत गेलं. पिठल्यातल्या गुठळ्या गेल्या. त्याच्या हाताला भाकरी कधी जमली नाही, माझ्या हाताला जमली.

त्या टाकीच्या रविवारी संध्याकाळी त्याच्या भावाचा फोन आला. परभणीला आई न्हाणीत घसरली, खुबा मोडला. आईजवळ कायमचं माणूस हवं होतं. भावाची नोकरी दिवसभर बांधलेली, हा मोकळा. मोकळा कशानं, तर त्या पत्रानं. कुठंही बसून काम कर म्हणून लिहून दिलेलं. ज्या कागदासाठी मी चाकणची बस धरली, त्याच कागदानं तो मोकळा झाला. हे माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं असणार. आता आई काठी धरून चालते, पण पोराला सोडत नाही. तो दर गुरुवारी फोन करतो.

टाकीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी सात वाजता रिक्षा आली. काळी पेटी त्यानं मांडीवर घेतली, बाळंतिणीनं मूल घ्यावं तशी. निघताना माझ्या पाया पडला. मी म्हणलं, आईला नीट बघ. म्हणाला, तुम्ही जेवत जा. रिक्षा वळली.

आठ वाजता मुलाचा फोन. त्याला कुठून कळलं कोण जाणे. "अण्णा, आता तोही गेला. आता तिथे काय राहिलंय? मी बिल्डरला कागद तयार ठेवायला सांगतो. आवरून घेऊ."

मी फोन ठेवला. पडवीत बसलो. शेगडी समोर, परसात मेथी पाण्याला आलेली, मधल्या खोलीचं दार बंद. मनाशी म्हणलं, दोन वर्षं आपण या पोराच्या घरी का गेलो नाही? तिकडं गेलं की इकडचं गुंडाळायला लागतं, असं सांगितलं कुणी? पोरानंच सांगितलं, आणि मी पण ते धरून बसलो. मेथीला पाणी सोडलं. पिशवीत दोन धोतरं, बंडी, गोळ्या घातल्या. घराला कुलूप लावलं आणि चिंचवडची बस धरली.

दार मुलानंच उघडलं. ऑफिसला निघालेला, हातात डबा. माझ्याकडं बघत राहिला.

"अण्णा? बरं झालं आलात. सामान कुठंय?"

"हे काय."

"एवढंच? आणि घरातलं बाकीचं?"

"घरातलं घरात हाय. त्या माणसाला सांग, कागद नको."

"मग तुम्ही इकडे कसे?"

"जेवायला आलोय. शुक्रवारपर्यंत हितं हाय. शनिवारी जातो, मेथी काढायची हाय. मग परत यीन."

त्यानं हातातला डबा खाली ठेवला आणि माझी पिशवी घेतली. आतून सुनेनं विचारलं, अण्णा, भाकरी करू का चपाती?

भाकरी, म्हणलं, आणि वहाणा काढल्या.